मुक्या संगणकाचा दुभाषी

घरांतील एखादी वस्तु जुनी झाली म्हणजे ती निरुपयोगी झाली, असा समज अलीकडे फार बळावत चालला आहे. पितळेचें घंगाळ गेलें, जातें गेलें, वडिलांची सागवानी पेटी गेली. आतां संगणकाची पाळी आली आहे. दहाबारा वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें घेतलेला संगणक आज पुष्कळ घरांतून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतांना दिसतो. तो खरोखर मेला होता काय, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. अशाच एका प्रसंगीं आम्हांस जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु. आम्ही या शास्त्रांतले पंडित नव्हों. आमचें आयुष्य मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलें. पण म्हणूनच, जें आम्हांस समजलें तें कोणासहि समजेल, असा भरंवसा वाटतो.

२०२५ सालच्या दिवाळीस आम्ही जळगांवाहून धुळ्यास पुतण्याकडे गेलों होतों. घरांत फराळाची गडबड होती, पण मंडळींचे चेहरे उतरलेले. विचारतां कळलें कीं, घरचा संगणक ‘गेला’. विंडोज १० या प्रणालीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा त्याच महिन्याच्या १४ तारखेस संपला होता. ती बातमी वाचून पुतण्या धास्तावला. तशांत यंत्रहि मंद झालेलें. म्हणून त्यानें तें एका कारागिराकडे नेलें. त्या गृहस्थानें यंत्राची पाटी कोरी केली आणि जुन्या तबकडीवरून विंडोज ७ बसवून दिली. यंत्र झपाट्यानें चालूं लागलें, पण आंतरजालाशीं त्याचा संबंध तुटला तो तुटलाच. पुन्हा विचारणा केली, तेव्हां “नेटवर्क कार्ड गेलें. तें मदरबोर्डावरच असतें. आतां नवीन यंत्रच घ्या,” असा निकाल मिळाला.

आमची नात बारावीच्या वर्गांत. तिचा सराव संगणकावरून चाले. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर गणिताच्या आकृति पाहून तिचे डोळे दुखूं लागले होते. नवें यंत्र घ्यावें, तर पुढील वर्षाच्या वसतिगृहासाठीं बाजूस ठेविलेल्या रकमेंत हात घालणें भाग होतें. पुतण्या म्हणाला, “काका, पैसे पुन्हा जमतील, पण वर्ष पुन्हा यायचें नाहीं.” नात कांहींच बोलली नाहीं, पण वसतिगृहाचे पैसे मोडले तर आपलें जाणेंच रहित होईल, ही भीति तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

आम्ही तिला म्हटलें, “बाळ, वैद्यानें नाडी न पाहतांच रोगी मेला म्हणून सांगितलें असेल. आपण एकवार नाडी पाहूं.” संगणकाच्या मागील बाजूस जेथें आंतरजालाची तार बसते, तेथें लहानसे दिवे असतात. तार बसवितांच त्यांतील हिरवा दिवा लुकलुकूं लागला. दिवा न लागल्यास कार्ड मेलेंच असें नव्हे. तारेंतहि दोष असूं शकतो. पण दिवा लागला, तर कार्डांत बहुधा प्राण आहे असें समजावें. मग उणीव होती ती कशाची? ड्रायव्हरची.

हा शब्द कानीं पडतांच मोटार हांकणारा डोळ्यांपुढें येतो. परंतु संगणकांतील ड्रायव्हराचें काम सारथ्याहून दुभाष्याचें अधिक. धुळ्याच्या वाचकांस उदाहरण देणें सोपें आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचें देहावसान धुळ्यासच ३१ डिसेंबर १९२६ रोजीं झालें आणि पुढील वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. तेथील दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांतला मजकूर शाबूत आहे. पण मोडी वाचणारा नसेल तर तो कागद आपणांस मुकाच. त्याचप्रमाणें नेटवर्क कार्ड एका भाषेंत बोलतें आणि विंडोजसारखी प्रणाली दुसऱ्या. प्रणालीची आज्ञा कार्डास व कार्डाचा निरोप प्रणालीस समजावून देणारा जो लहानसा कार्यक्रम, तोच ड्रायव्हर. तो नसला, तर कार्ड धडधाकट असूनहि प्रणालीच्या लेखीं तें नाहींसेंच असतें.

आतां हा दुभाषी नाहींसा झाला कसा? विंडोज ७ बाजारांत आली २००९ सालीं. त्या वेळीं जीं कार्डें प्रचलित होतीं, त्यांपैकीं पुष्कळांचे दुभाषी तिच्या तबकडींत होते. पुतण्याचें यंत्र त्यानंतरचें. जें कार्ड तबकडीच्या मागून जन्मास आलें, त्याची भाषा तिला कोठून ठाऊक असणार? पूर्वींच्या विंडोज १० मध्यें तो दुभाषी होता, पण पाटी कोरी करतांना तोहि पुसला गेला. कार्ड गेलें नव्हतें. दुभाषी गेला होता.

येथें एक मौजेची अडचण उभी राहते. ड्रायव्हर मिळतो आंतरजालावर. आंतरजालावर जावयास कार्ड चालूं हवें. आणि कार्ड चालूं होण्यास ड्रायव्हर हवा! न्यायशास्त्रांत यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात. मुद्रणयंत्राचा किंवा ध्वनीचा ड्रायव्हर हरवला, तर संगणक स्वतः तो शोधून आणूं शकतो. नेटवर्क कार्डाचें तसें नाहीं. तें घराचें दारच आहे, आणि दाराची किल्ली बाहेर राहिली आहे. हा दोष घालविण्यास तिसरा आश्रय लागतो: दुसरा संगणक व पेनड्राइव्ह, अथवा नुसता मोबाइल.

पण कोणता ड्रायव्हर आणावयाचा, हें आधीं ठरलें पाहिजे. नातीनें ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडला. तेथें ‘इथरनेट कंट्रोलर’ या नांवापुढें पिंवळें चिन्ह होतें. त्यावर उजवें बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यांत ‘डिटेल्स’ व त्यांत ‘हार्डवेअर आयडीज’ असें उघडीत गेल्यावर एक लांबलचक ओळ दिसली. तिच्यांत ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढें १९६९ व ‘डीईव्ही’ या अक्षरांपुढें १०९१ असे आंकडे होते. १९६९ पाहून आम्हांस तें साल वाटलें! नात हंसून म्हणाली, “आजोबा, हें साल नाहीं, हें कंपनीचें गोत्र आहे.” तिची उपमा आम्हांस फार आवडली. पहिला आंकडा निर्मात्याचा व दुसरा त्या विशिष्ट वस्तूचा. इंटेलचें गोत्र ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच क्रमांक, रिअलटेकचें १०ईसी, आणि १९६९ हें अथेरॉसचें. कार्डावर नांव छापलेलें असो वा नसो, ही गोत्रावळि खोटें बोलत नाहीं.

मग वीज बंद करून यंत्राचें झांकण काढलें. धुळ्याची धूळ आंत मनसोक्त बसली होती. मऊ कुंचल्यानें ती झाडतांच मदरबोर्डाच्या निर्मात्याचें व प्रकाराचें नांव दिसलें. त्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नातीनें मोबाइलवर ड्रायव्हर उतरवून घेतला आणि तारेनें संगणकांत नेला. पण प्रणालीनें तो झिडकारला! आमचा धीर सुटला. नातीचा सुटला नाहीं. तिनें पाहिलें, तों आणलेला ड्रायव्हर ३२ बिटांचा व प्रणाली ६४ बिटांची. पाणिनीच्या व्याकरणानें फारशी वाचावी, तसा तो प्रकार. ६४ बिटांचा ड्रायव्हर आणून बसविला, यंत्र बंद करून पुन्हा चालूं केलें, आणि पिंवळें चिन्ह नाहींसें झालें. आंतरजाल सुरू झालें. पुतण्या बराच वेळ पडद्याकडे पाहत उभा राहिला. मग कांहीं न बोलतां त्यानें लेकीच्या पाठीवर हात ठेविला. वसतिगृहाची रक्कम जेथल्या तेथें राहिली.

तथापि गोष्ट येथेंच संपविली, तर वाचकांची फसगत होईल. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजींच संपलेला आहे. तिच्यांत सांपडणारीं नवीं छिद्रें आतां बुजविलीं जात नाहींत. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कडी नसलेल्या घरांत दागिने ठेवणें होय. म्हणून दिवाळीनंतर नातीनें लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकांतील कांहींहि न पुसतां, प्रथम नुसती चालवून पाहिली. आश्चर्य असें कीं, आंतरजाल आपोआप सुरू झालें! लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या या प्रणालीच्या गाभ्यांतच हजारों ड्रायव्हर भरलेले असतात. या कार्डाचा २०१३ सालीं त्यांत आला. डोनाल्ड बेकर या गृहस्थांनीं तर नव्वदीच्या दशकांत नेटवर्क कार्डांचे कित्येक ड्रायव्हर लिहून सर्वांस मोकळे केले. कंपनी विसरली तरी ज्ञान विसरलें जाऊं नये, अशी ही व्यवस्था आहे. बिनतारी कार्डांच्या बाबतींत मात्र केव्हां केव्हां निर्मात्याची आणखी एक निराळी फाइल लागते, हें ध्यानांत ठेवावें. सर्व ठीक चालतें असें पाहून मग तीच प्रणाली यंत्रांत कायमची बसविली.

या अनुभवाचें सार थोडक्यांत असें. यंत्राची पाटी कोरी करण्यापूर्वीं घरचीं कागदपत्रें व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. नेटवर्क कार्डाची गोत्रावळि वहींत टिपून ठेवावी. जी प्रणाली बसवावयाची, तिच्यासाठींचा त्या कार्डाचा ड्रायव्हर आधींच पेनड्राइव्हवर आणून ठेवावा. तो निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर फुकट’ म्हणून बोलावणाऱ्या स्थळांच्या नादीं लागूं नये, कारण त्यांपैकीं कित्येक दुभाष्याच्या वेषांत चोर धाडतात. आणि यंत्राबरोबर आलेली तबकडी कधींहि टाकूं नये.

राजवाड्यांनीं लोकांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, तेव्हां ते कागद पुष्कळांस रद्दीच वाटत होते. आमच्या पुतण्याच्या घरीं आतां पंचांगाच्या खुंटीशेजारीं एक लहानशी पिशवी टांगली आहे. तिच्यांत तबकडी, पेनड्राइव्ह व नातीच्या हातची वही आहे. पुढील वर्षीं ती वसतिगृहांत जाईल. घरचा संगणक पुन्हा मुका झालाच, तर तिच्या मागें घरांतल्या कोणासहि तो बोलता करतां यावा, म्हणून तिनें सारें मराठींत, सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविलें आहे.