पडवीतल्या झाडाला पाऊस नाही

दसरा गेला, भातकापणी सुरू झाली, की महाड-रायगड रस्त्यावरच्या आमच्या नाते गावातली हवा पालटते. पहाटे धुकं, दुपारी चटका. नेमक्या ह्याच दिवसांत पडवीतल्या क्रोटनच्या पानांच्या बेचक्यात पांढरे बारीक ठिपके दिसू लागतात. दिवाळीसाठी भिंतीला रंग काढलेला असतो, त्यामुळे आधी वाटतं की त्याचेच शिंतोडे असतील. बोटानं पुसायला जावं तर चिकट लागतं. कुंडीखालची फरशीही चिकट झालेली असते. शेजारच्या काकी म्हणतात, "पीठ लागलंय गो झाडाला." अगदी नेमकं नाव आहे ते. कृषी खात्याच्या पुस्तकात ह्या किडीला पिठ्या ढेकूण म्हणतात.

आमच्याकडे ह्या क्रोटनच्या दोन फांद्या एकाच दिवशी लावल्या होत्या. एक कुंपणाला, उघड्यावर, आणि दुसरी पडवीतल्या कुंडीत. कुंपणाची फांदी डोक्याएवढी झाली तरी स्वच्छ राहिली. पडवीतली दर हिवाळ्यात पिठानं भरायची. माती तीच, शेणखत तेच, मग फरक कशाचा, हे कळायला मला दोन वर्षं लागली. फरक पावसाचा होता. ह्या पट्ट्यात चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पिठ्याची नुकती जन्मलेली पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी असतात आणि त्यांच्या अंगावर अजून मेणाचं कवच आलेलं नसतं. असा पाऊस त्यांना पानावर टिकू देत नाही. पडवीतल्या झाडाला आपण पाणी घालतो ते बुंध्याशी. त्याची पानं वर्षभर कोरडी राहतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि कीड निवांत वाढते. घरात ठेवलेल्या झाडाचा पाऊस आपणच व्हायला हवं, एवढं एक समजलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम किडीचं वेळापत्रक ओळखण्याचं. पिठ्याची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, झाडभर चालतात, जागा धरतात, सोंड खुपसून रस ओढू लागतात आणि अंगावर मेण चढवतात. एकदा मेण चढलं की पाणी त्यावरून घरंगळून जातं. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. आज धुतलं तर पिशवीतली अंडी उरतात. आठवड्यानं पुन्हा, त्यानंतर आठवड्यानं आणखी एकदा, असे निदान तीन वेळा हात फिरवावे लागतात. 'औषधाचा गुण येत नाही' असं बहुतेक जण म्हणतात ते पहिल्याच धुण्यानंतर थांबल्यामुळे.

पानं चिकट होतात त्यालाही कारण आहे. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्यं थोडी. किडीला ती पुरेशी मिळवायची तर रस खूप प्यावा लागतो आणि जास्तीची साखर ती बाहेर टाकते. त्या गोड थेंबांवर काजळीसारखी काळी बुरशी धरते. मुंग्याही त्याच गोडासाठी येतात. आमच्या सासूबाई झाड पाहण्याआधी भिंत पाहायच्या. "मुंग्यांची रांग कुठं चाललीय ते बघ, कीड तिथंच असेल," असं त्या सांगायच्या आणि ते कधी चुकलं नाही. मुंग्या नुसतं गोड खाऊन जात नाहीत, किडीवर टपलेल्या भुंग्यांना त्या हुसकावून लावतात. गुराखी गुरं राखतो तशी त्या पिठ्याची राखण करतात. म्हणून मी पहिल्यांदा कुंडी विटांवर चढवून खाली पाण्यानं भरलेली परात ठेवते, आणि भिंतीला टेकणारी फांदी छाटते. मुंग्यांची वाट तुटली की पुढचं सोपं जातं.

प्रत्यक्ष धुणं असं. कुंडी अंगणात न्यायची, माती पिशवीनं झाकायची आणि पानांची खालची बाजू नळाच्या जोरदार धारेनं धुवायची. पाठोपाठ एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य साबणाचं द्रावण फवारायचं. कपडे धुण्याची पावडर मात्र नको, तिनं पानं करपतात. बेचक्यात दडलेल्या किडीसाठी औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसाच्या काडीला लावून एकेक ठिपका टिपायचा. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. क्रोटनचा चीक अंगाला खाजतो, तेव्हा हातमोजे हवेत. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, थोड्या साबणात घोळून, संध्याकाळी फवारलं तर चांगला उपयोग होतो. देशावर दारोदार कडुनिंब आहे, आमच्याकडे तो विरळा. पण ओढ्याकाठी करंज आहे, आणि करंजाचं तेलही ह्याच कामाचं आहे.

शेतावर मारायचं विष मात्र पडवीत आणू नये, हे मी कळकळीनं सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते तर उघड्या रानात होते. पडवीत लहान मूल रांगतं, म्हातारं माणूस झोपतं. तिथं एका कुंडीसाठी तसली बाटली उघडायचं कारण नाही.

झाडाला कीड लागली म्हणजे ती दर वेळी पिठ्याच असते असंही नाही. देठावर तपकिरी टिकल्या चिकटल्या असतील तर ती खवले कीड, तिला जुन्या दात घासायच्या ब्रशनं खरवडावं. पानं निस्तेज, ठिपक्याठिपक्यांची आणि खाली बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी. तो कीटकच नाही, आठ पायांचा जीव आहे, त्यामुळे कीटकनाशकं त्याच्यावर सहसा चालत नाहीत. कोरड्या धुळीत तो माजतो आणि पाण्यानं हटतो. आणि झाड उगाच मलूल होत असेल, वर काहीच दिसत नसेल, तर कुंडी उपडी करून मुळं पाहावीत. महामार्गावरच्या एका रोपवाटिकेतून मी आणलेल्या रोपाच्या मुळांना असाच पिठ्या होता आणि त्यानं शेजारच्या चार कुंड्या धरल्या. तेव्हापासून नवं रोप पंधरा दिवस वेगळं ठेवायचं, हा घरचा नियम झाला.

हे ओळखायला साधं भिंग पुरतं. ज्या गावात मी हे भिंग घेऊन बसते, त्याच गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री म्हणून त्यांना सगळे ओळखतात. मला त्यांचं मोल वाटतं ते आणखी एका गोष्टीसाठी: केंब्रिजमध्ये १९१७ साली त्यांनी वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं होतं. गावच्या शाळेतल्या मुलांच्या हाती भिंग देताना मी त्यांना हे आवर्जून सांगते.

आपल्या कुंड्यांतली बरीचशी झाडं दूरदेशची आहेत. क्रोटन इंडोनेशियाकडच्या बेटांवरचा, अरेका पाम मादागास्करचा, अँथुरियम दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतला. झाडं आली तशा किडीही आल्या, पण त्यांचे शत्रू तिकडेच राहिले. पपईवरचा पिठ्या हे त्याचं ताजं उदाहरण. हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. २००८ साली तो कोइंबतूरला सापडला आणि पुढं महाराष्ट्रातही पसरला. नाव पपईचं असलं तरी तो जास्वंदीवर, टॅपिओकावर, तुतीवर, गाजरगवतावरही जगतो. फवारण्या करून शेतकरी थकले. अखेर बंगळूरच्या कृषी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१० साली पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपाये नावाची, मिलिमीटरभरही लांब नसलेली गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणवली. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते, आतली अळी त्याला पोखरते आणि पिठ्याची तपकिरी, कडक डबी होते. तमिळनाडूसह अनेक भागांत ह्या माशीनं कीड काबूत आणली. विष मारणाऱ्यानं आधी तिलाच मारलं असतं.

असा दुसरा साथी म्हणजे क्रिप्टोलिमस हा ऑस्ट्रेलियाचा भुंगा. कॉफीवरच्या किडीसाठी तो १८९८ साली भारतात आणला गेला. त्याची अळी पिठ्यासारखीच पांढरी, मेणाच्या झालरींची असते आणि पिठ्यातच वावरते. घाईत आपण तिलाही चिरडतो. आपल्याकडच्या एका लहानशा फुलपाखराची अळीसुद्धा पानं सोडून पिठ्या खाते. तिचा कोश माकडाच्या तोंडासारखा दिसतो.

झाडाला काय झालंय ते कळेना, तर कीड लागलेलं पान कागदात गुंडाळून रोह्याजवळच्या किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येतं. पण त्याआधी ह्या दिवाळीत पणत्या लावून झाल्या की पडवीतल्या झाडाचं एक पान उलटून पाहा. पिठ्यापेक्षा दोन-तीन पट मोठी, लांब झालरीची, भरभर चालणारी पांढरी अळी दिसली, तर ते पान तेवढं धुऊ नका. ती आपली आहे.