तेलसंपन्न नायजेरिया : अर्थव्यवस्थेची मुख्य क्षेत्रे आणि शेतीचे स्थान

खनिज तेलाचे भाव चढले की आपल्याकडे डिझेल महागते. ट्रॅक्टरच्या नांगरटीचा दर वाढतो आणि बाजारात माल नेण्याचे भाडेही वाढते. आपला देश गरजेपैकी बहुतेक कच्चे तेल आयात करतो. ज्या देशांतून ते येते त्यांपैकी पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया हा एक आहे. ज्या देशाच्या भूमीत तेल आहे तेथील शेतकरी सुखी असेल, असे आपणास सहज वाटते. प्रत्यक्षात तेलाचा पैसा हाती आल्यानंतर नायजेरियाची शेती मागे पडली. हे कसे घडले याची माहिती या लेखात दिली आहे.

देशाची ओळख

नायजेरियाचे क्षेत्रफळ सुमारे ९ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण तिप्पट आहे. लोकसंख्या २२ कोटींहून अधिक असून ती आफ्रिकेत सर्वांत जास्त आहे. १ ऑक्टोबर १९६० रोजी हा देश ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला. दक्षिणेस समुद्रकिनाऱ्याजवळ भरपूर पाऊस पडतो. तेथे तेलताड, कोको, रबर व कसावा ही पिके होतात. मध्य भागात याम, मका, सोयाबीन व तीळ घेतात. याम हा आपल्या कोनफळाच्या वर्गातील कंद आहे. उत्तरेकडे पाऊस कमी होत जातो. तेथे ज्वारी, बाजरी, भुईमूग, चवळी व कापूस ही आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यास परिचित असलेली पिके आहेत. बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे व जमीनधारणा लहान आहे.

अर्थव्यवस्थेची मुख्य क्षेत्रे

१) खनिज तेल व वायू : नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी येथे १९५६ साली तेल सापडले आणि १९५८ मध्ये निर्यात सुरू झाली. १९७१ मध्ये नायजेरिया तेल निर्यातदार देशांच्या ‘ओपेक’ संघटनेचा सभासद झाला. देशाच्या निर्यातीत तेल व वायूचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असतो. मात्र अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नातील तेलाचा प्रत्यक्ष वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. तेलविहिरीवर यंत्रे पुष्कळ आणि माणसे थोडी लागतात. त्यामुळे या क्षेत्रातून परकीय चलन मिळते, पण रोजगार फारसा मिळत नाही.

२) शेती : राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे आणि काम करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक शेतीत आहेत. कसावा, याम व चवळी यांच्या उत्पादनात नायजेरियाचा जगात पहिला क्रमांक लागतो. कसावा म्हणजे ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद. तेथे तो किसून आंबवतात, पाणी पिळून काढतात आणि कढईत भाजून त्याचा रवा करतात. या रव्यास ‘गारी’ म्हणतात. आंबवल्याने व भाजल्याने कंदातील विषारी अंश कमी होतो. गरीब घरातील रोजचे जेवण बरेचसे यावरच भागते.

३) उद्योग व खाणी : सिमेंट, अन्नप्रक्रिया, कापड व खते हे प्रमुख उद्योग आहेत. विजेचा तुटवडा ही उद्योगांची मोठी अडचण आहे. जोस पठारावरील कथील आणि एनुगू येथील कोळसा एकेकाळी प्रसिद्ध होता. तेल आल्यावर या खाणीही मागे पडल्या.

४) सेवा : व्यापार, बँका, दूरसंचार आणि चित्रपट व्यवसाय मिळून राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा किंवा त्याहून अधिक भाग होतो. २००१ साली मोबाइल सेवा सुरू झाल्यानंतर हे क्षेत्र झपाट्याने वाढले. लागोस शहर हे त्याचे केंद्र आहे.

भुईमुगाचे मनोरे

स्वातंत्र्याच्या सुमारास देशाच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा शेतीचा होता. पामतेलाच्या उत्पादनात नायजेरिया जगात अग्रेसर होता. कोकोच्या निर्यातीत त्याचे स्थान वरचे होते. उत्तरेकडील कानो शहरात निर्यातीसाठी आलेल्या भुईमुगाच्या पोत्यांचे उंच मनोरे रचले जात. एका मनोऱ्यात सुमारे १५ हजार पोती बसत. या मनोऱ्यांची छायाचित्रे ही देशाच्या समृद्धीची ओळख होती.

आज ते मनोरे राहिलेले नाहीत. १९७० नंतरच्या वर्षांत उत्तरेत तीव्र दुष्काळ पडला. त्यापाठोपाठ १९७५ मध्ये रोझेट या विषाणूजन्य रोगाची मोठी साथ आली. हा रोग मावा किडीमार्फत पसरतो. झाड खुजे राहते, पाने गुच्छासारखी होतात आणि शेंगा धरत नाहीत. त्या एका साथीत सुमारे सात लाख हेक्टर भुईमूग हातचा गेला. दुष्काळ व रोग यांतून शेतकरी सावरू शकतो, परंतु त्यासाठी बियाणे, संशोधन, कर्ज व भाव यांचा आधार लागतो. नेमक्या त्याच वेळी शासनाचे लक्ष तेलाकडे वळले होते.

तेलाच्या पैशाने शेती कशी खचली?

१९७३ च्या अखेरीस जगात तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. नायजेरियात परकीय चलनाचा पूर आला. याचा शेतीवर पुढीलप्रमाणे परिणाम झाला.

पहिली गोष्ट चलनाची. तेलामुळे नायरा हे तेथील चलन महाग झाले. कोकोचे पोते परदेशात त्याच भावाने विकले तरी त्याचे नायरा कमी मिळू लागले. उलट परदेशी तांदूळ व गहू देशात स्वस्त पडू लागला. म्हणजे निर्यातीचे पीक घेणाऱ्यास भाव मिळेना आणि धान्य पिकवणाऱ्यास गिऱ्हाईक मिळेना. अर्थशास्त्रात यास ‘डच रोग’ म्हणतात, कारण नेदरलँड्स देशात नैसर्गिक वायू सापडल्यानंतर अशीच स्थिती दिसून आली होती.

दुसरी गोष्ट मजुरांची. शहरात इमारती व रस्त्यांची कामे जोरात निघाली. १९७५ मध्ये तर सिमेंट घेऊन आलेली शेकडो जहाजे लागोस बंदराबाहेर खोळंबून राहिली होती. खेड्यातील तरुण शहराकडे गेले. जुनी झालेली कोको व तेलताडाची झाडे काढून नवी लागवड करण्यास घरात माणूस उरला नाही.

तिसरी गोष्ट भावाची. शेतमालाची खरेदी सरकारी मंडळांमार्फत होई आणि ही मंडळे शेतकऱ्यास जागतिक भावापेक्षा बरेच कमी देत. ती १९८६ मध्ये बंद करण्यात आली, परंतु तोपर्यंत बरेच नुकसान झाले होते.

चौथी गोष्ट खाण्याच्या सवयीची. आयात गव्हाच्या पावाची शहरांना सवय लागली. तेथील हवामान बहुतेक भागात गव्हास मानवत नाही. १९८७ मध्ये गव्हाच्या आयातीवर बंदी घातली तरी सवय मोडली नाही. आजही देश दरवर्षी लक्षावधी टन गहू आयात करतो. एकेकाळी पामतेल निर्यात करणारा हा देश आता पामतेलही बाहेरून आणतो.

ज्या त्रिभुज प्रदेशातून तेल निघते तेथील शेतकरी व मच्छीमार यांची स्थिती आणखी बिकट आहे. फुटलेल्या नळांतून सांडलेल्या तेलाने शेते व खाड्या खराब झाल्या. ओगोनी भागाच्या पाहणीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये अहवाल दिला. तो भाग पूर्ववत होण्यास २५ ते ३० वर्षे लागू शकतील, असे त्यात नमूद केले आहे.

सुधारणेचे प्रयत्न

१९७६ मध्ये ‘देशाला अन्न पुरवा’ ही मोहीम व १९८० मध्ये हरितक्रांती कार्यक्रम हाती घेण्यात आला. २०१५ मध्ये लहान शेतकऱ्यांना प्रक्रिया उद्योगांशी जोडून कर्ज देण्याची योजना आली. या प्रयत्नांत सातत्य कमी पडले. उत्तरेत २००९ पासून चाललेला हिंसाचार आणि मध्य भागात शेतकरी व गुराखी यांच्यातील संघर्ष यांमुळे अनेकांना आपल्या शेतात जाणेही कठीण झाले आहे. २०२३ मध्ये इंधनावरील अनुदान काढले व नायराचे मूल्य घसरले. त्यानंतर २०२४ च्या मध्यास अन्नाची महागाई वर्षाला ४० टक्क्यांवर गेली.

आशादायक बाबीही आहेत. लागोसजवळ लेक्की येथे नैसर्गिक वायूपासून युरिया करणारा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. तेथीलच मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून २०२४ पासून डिझेल व पेट्रोल मिळू लागले. त्यापूर्वी तेल विकणारा हा देश पेट्रोल मात्र बाहेरून आणत असे.

संशोधनाचे कामही मोलाचे आहे. इबादान येथे १९६७ पासून आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषि संस्था आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पिठ्या ढेकणाने आफ्रिकेतील कसाव्याचा फडशा पाडला, तेव्हा या संस्थेने पॅराग्वेतील एक परोपजीवी गांधीलमाशी आणून १९८१ पासून शेतात सोडली व कीड आटोक्यात आणली. तीच कीड २०२० मध्ये केरळात आढळली. तेव्हा या संस्थेच्या बेनिन येथील केंद्रातून तीच उपयुक्त माशी भारतात आणण्यात आली आणि २०२२ मध्ये तामिळनाडूतील सेलम भागात सोडण्यात आली. आपल्या उपवासाचा साबुदाणा मुख्यतः याच भागातून येतो.

बोध

तेल हे वाईट नाही. त्यातून आलेला पैसा पाटबंधारे, बियाणे, साठवण व रस्ते यांत घातला असता तर शेती बळकट झाली असती. घरात बाहेरचा पैसा येऊ लागला म्हणून बांधबंदिस्ती सोडली, तर काही वर्षांनी पैसाही आटतो आणि मातीही वाहून गेलेली असते. नायजेरियाचे तसेच झाले. तेलाचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो आणि तो पडला की सारा देश अडचणीत येतो. पडत्या काळातही तेथील कोट्यवधी कुटुंबांना जगवले ते कसावा, याम, ज्वारी आणि चवळी पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्याने. शेतीकडे जुने, मागासलेले क्षेत्र म्हणून पाहणाऱ्या कोणत्याही देशाने हे विसरू नये.