कारीचे रंगो बापूजी: ऐकीव किती, खरे किती

नागेश्वराच्या दर्शनाला आंबवड्याला येणारी माणसे कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाधीवरही डोके टेकवतात. जवळच्याच कारीला मात्र फार थोडे जातात. साताऱ्याच्या छत्रपतींची गादी परत मिळवण्यासाठी आयुष्य वेचलेले रंगो बापूजी गुप्ते या कारीचे. त्यांच्याविषयी कानावर येते त्यातले बरेचसे चुकीचे असते.

वारस नसल्यामुळे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची गादी गेली, असे सर्रास सांगतात. खरे म्हणजे सप्टेंबर १८३९मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून. कबुलीवर सही करा, गादी राहील, असे गव्हर्नर कार्नॅकने सांगितले होते. महाराजांनी सही केली नाही. त्यांना काशीला धाडले आणि धाकटे भाऊ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. दत्तक नाकारून गव्हर्नर जनरल डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले ते पुढे, १८४८मध्ये आप्पासाहेब वारल्यावर.

रंगो बापूजी म्हणजे अर्जविनंत्या करणारे वकील, हा समज अर्धाच खरा आहे. १८४० ते १८५३ ते लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात महाराजांच्या गादीसाठी भांडले. महाराज काशीला वारले, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. न्याय मिळाला नाही, तेव्हा परत येऊन त्यांनी माणसे जमवायला घेतली. साताऱ्याची छावणी, तुरुंग आणि खजिना यांवर चालून जायचे आणि महाराजांच्या दत्तकपुत्राला, शाहूंना, गादीवर बसवायचे, असा बेत होता. १८५७च्या जूनमध्ये तो फुटला.

आणि हे बंड केवळ वाड्यातल्या मंडळींचे होते, असे म्हणणाऱ्यांनी ८ सप्टेंबर १८५७ हा दिवस आठवावा. साताऱ्याच्या गेंडामाळावर त्या दिवशी इंग्रजांनी या कटातल्या १७ जणांना मारले: ५ फासावर, ६ तोफेच्या तोंडी, ६ बंदुकीच्या गोळीने. त्यांत प्रभू होते, तसे रामोशी आणि मांगही होते. कुठल्या राजवाड्याने त्यांना काय दिले होते? तरी ते या कामाला उभे राहिले.

त्याच दिवशी रंगो बापूजींना फाशी झाली, हेही खरे नाही. फासावर गेला तो त्यांचा मुलगा सीताराम. रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

आंबवड्याला आलात, तर तसेच पुढे कारीलाही जा.