खर्जाचा दणका आणि ओहमचा आकडा

हेडफोन घ्यायचा म्हटले की आपली तरुण मुले आधी विचारतात, "बेस कशात जोरात आहे?" प्रश्न रास्त आहे. पण ओव्हरटाइम करून साठवलेले पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून आम्ही येथे एक उदाहरण देत आहोत.

जर्मनीच्या बेयरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० व २५० ओहम अशा प्रकारांत निघाला. आकडा मोठा तर बेस मोठा, असे समजून काहीजण २५० कडे वळतात. वास्तविक ओहम हे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप आहे. २५० ओहमला जास्त व्होल्टेज लागते. ते अॅम्प्लिफायर देतो, मोबाइलला झेपत नाही. मग गाणे मंद वाजते आणि दणका राहतो बाजूला. म्हणून मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी ३२ ओहमचा घ्यावा, असे आम्ही सुचवितो. घरी चांगला अॅम्प्लिफायर असेल तरच २५० चा विचार करावा.

खर्ज टिकतो तो कानाभोवतीच्या गादीमुळे. चष्म्याच्या काडीने फट राहिली तरी तो निसटतो. तेव्हा शक्यतो दुकानातच, आपल्याच मोबाइलला जोडून ऐकावे.

दणक्याच्या नादात कान मात्र गमावू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोठ्यांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढवला की हे तास झपाट्याने घटतात. आईवडिलांनी ही गोष्ट मुलांना अवश्य समजावून सांगावी.