निधी संकलन विभागाचे अंतर्गत संकेतस्थळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वयंसेवी संस्थेच्या निधी संकलन विभागाने कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत संकेतस्थळ करायचे ठरवले, की पहिल्याच बैठकीत विषय सॉफ्टवेअरवर येतो. गूगल साइट्स घ्यायची की शेअरपॉइंट, मुखपृष्ठावर अध्यक्षांचा संदेश ठेवायचा की कार्यक्रमांचे फोटो, यावर तास जातो. हे तांत्रिक काम आहे आणि ते संगणकवाल्यांकडे सोपवले की झाले, हा यातला मूळ गैरसमज. वास्तविक अशा संकेतस्थळासाठी लागणारी साधने आज स्वस्तात मिळतात. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना तर गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांच्याही काही सेवा मोफत आहेत. अडते ते दुसरीकडे. विभागातल्या माणसाला दिवसभरात कोणते प्रश्न पडतात, त्यांची संस्थेने मान्य केलेली उत्तरे काय आहेत आणि त्या उत्तरांची जबाबदारी कोणाची, हे बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेले नसते. ते ठरवणे हेच नियोजन, आणि ते विभागाखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

एक प्रश्न जवळून पाहू. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी माणसाचा फोन येतो. गावाकडच्या शाळेसाठी त्यांना पन्नास हजार रुपये द्यायचे आहेत. फोन घेणाऱ्याची समजूत अशी, की पैसे अमेरिकेतून येणार म्हणजे ती परकीय देणगी. निर्णय मात्र राहण्याच्या ठिकाणावर होत नाही, नागरिकत्वावर होतो. देणगीदार भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे देत असेल, तर ती रक्कम एफसीआरए कायद्याखाली परकीय ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर हातात ओसीआय कार्ड असले तरी ती परकीयच. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. इथे चूक झाली तर संस्थेची नोंदणीच धोक्यात येते. संकेतस्थळावरच्या या पानाला त्यामुळे सजावट नको. ‘आपण कोणत्या देशाचे नागरिक आहात?’ हा पहिला प्रश्न, भारतीय आणि परदेशी असे दोन रस्ते, पासपोर्टची प्रत कधी मागायची, कोणता खाते क्रमांक द्यायचा आणि अडल्यास लेखा विभागात कोणाला विचारायचे, एवढे पुरे. फोन चालू असताना अर्ध्या मिनिटात सापडेल आणि वाचून होईल असे ते पान हवे.

यावर हमखास आक्षेप येतो : हे सगळे आमच्या ड्राइव्हवर आहे, आणि नसेल तर ग्रुपवर विचारले की पाच मिनिटांत उत्तर मिळते. आक्षेप बिनबुडाचा नाही. लहान विभागात व्हॉट्सॲप ग्रुप खरोखर वेगाने चालतो, आणि तातडीच्या निरोपाला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. पण ग्रुपवरचे उत्तर त्या दिवसापुरते असते. सहा महिन्यांनी नवा कर्मचारी तेच विचारतो, तेव्हा दुसरा कोणी दुसरे सांगतो, आणि दोन्ही उत्तरे तिथेच पडून राहतात. ड्राइव्हची गोष्ट वेगळी. तिथे एकाच पावतीच्या नमुन्याच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नवीन फायनल’ अशा तीन फाइली असतात, आणि त्यातली चालू कोणती हे फक्त करणाऱ्याला ठाऊक असते. ती व्यक्ती रजेवर गेली किंवा नोकरी सोडून गेली, की विभागाची स्मृतीच तिच्याबरोबर जाते. फाइली ड्राइव्हवरच राहू द्याव्यात; त्यातली ग्राह्य कोणती, हे मात्र संकेतस्थळाने एकाच जागी सांगावे.

एकदा नीट बनवले की झाले, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. करसवलतीचेच बघा. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी खाली दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही वजावट नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेने देणगीदारांचे विवरण १०-बीडी या अर्जात भरायचे आणि प्रत्येकाला १०-बीई प्रमाणपत्र द्यायचे, दोन्ही ३१ मेपर्यंत, असा नियम आला. म्हणजे नुसती छापील पावती पुरेशी राहिली नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला तर या कलमाचा लाभच मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली झाली आहे. तरीही ‘पन्नास टक्के करसवलत मिळेल’ असे छातीठोकपणे सांगणारी माहितीपत्रके फिरत असतात. त्यात भर म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले. ज्या पानावर तारीख नाही आणि ज्याला कोणी धनी नाही, ते पान अशा वेळी कोरे असलेले बरे, कारण त्यावर विश्वास ठेवून कर्मचारी देणगीदाराला चुकीचे आश्वासन देतो. म्हणून प्रत्येक पानाखाली जबाबदार व्यक्तीचे पद, शेवटची तपासणी आणि पुढची तपासणी या तीन गोष्टी लिहिलेल्याच हव्यात. पद म्हणायचे कारण साधे आहे : माणसे बदलतात. ज्या मजकुराला धनी मिळत नाही, तो संकेतस्थळावर घेऊच नये. या अटीने पाने कमी होतील, आणि ती कमी व्हायलाच हवीत.

पानांची मांडणी विभागाच्या रचनेप्रमाणे करावी, असेही सहज वाटते : सीएसआर गट, वैयक्तिक देणग्या, कार्यक्रम, लेखा. पण कंपनीकडे प्रस्ताव पाठवणाऱ्याला संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा असतो. तो कोणत्या गटाच्या अखत्यारीत येतो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. यावरचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. १९९४ मध्ये जेकब नील्सन आणि डॅरेल सॅनो यांनी सन मायक्रोसिस्टिम्सचे अंतर्गत संकेतस्थळ आखताना प्रत्येक सेवा एकेका कार्डावर लिहिली आणि काही कर्मचाऱ्यांना त्या कार्डांचे आपल्याला पटतील तसे गट लावायला सांगितले. आपल्याकडे हे काम पत्रिकेच्या कोऱ्या कार्डांवर एका दुपारी होते. तयार मांडणी तपासायलाही मोठी फौज लागत नाही; चार-पाच जणांना एकेक खरे काम देऊन शांतपणे शेजारी बसले, तर ते कुठे अडखळतात हे लगेच दिसते. त्यात किमान एक जण नवा असावा.

अंतर्गत आहे म्हणजे सुरक्षित आहे, या समजुतीबद्दल मात्र मला कठोरपणेच लिहावेसे वाटते. देणगीदारांची नावे, पॅन, मोबाइल क्रमांक आणि रकमांची एक्सेल शीट ‘सगळ्यांना उपयोगी पडेल’ म्हणून अंतर्गत पानाला जोडली जाते, आणि दुवा असलेल्या कोणालाही ती उघडता येते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संस्था सेवाभावी आहे म्हणून आपोआप सूट देत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दंडाआधीही माणसाचा विचार हवा. विश्वासाने पैसे देणाऱ्याने आपला पॅन पावतीसाठी दिलेला असतो, साऱ्या कार्यालयाने पाहावा म्हणून नव्हे. तेव्हा संकेतस्थळावर कार्यपद्धती असावी आणि देणगीदारांची माहिती, मोजक्यांनाच प्रवेश असलेल्या वेगळ्या प्रणालीत. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करायचा, हेही नियोजनाच्या कागदावर पहिल्यापासून असावे.

आमच्याकडे तिघेच जण आहेत, हे सगळे मोठ्या संस्थांना शोभते, असे कोणी म्हणेल. तिघांच्या विभागात एक जण गेला तर एक तृतीयांश माहिती जाते, त्यामुळे गरज तिथे जास्तच आहे. वेळेची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच सुरुवात लहान करावी. दोन आठवडे प्रत्येकाने आपल्याला विचारलेला प्रश्न एका वहीत टिपावा. त्यातले वारंवार आलेले दहा निवडावेत : पावती हरवली तर काय, रोख किती घ्यायची, परदेशातून पैसे आले तर काय, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीची प्रत कुठे आहे. एकेका प्रश्नाचे एकेक पान, लिहिणारा तो ज्याला उत्तर पक्के माहीत आहे, आणि प्रसिद्ध करण्याआधी लेखा विभागाची नजर. पुढची पाने वहीत पुढचे प्रश्न जमतील तशी.