केटी, मे महिना आणि 'बनगरवाडी'

शेवटचा पेपर झाला की होस्टेलच्या पॅसेजमध्ये काय दिसतं? गाद्यांच्या वळकट्या, रद्दीसाठी रचलेली लोकल ऑथरची पुस्तकं आणि "सुट्टीत काय करणार?" हा प्रश्न. उत्तरंही ठरलेली. कुणी इंटर्नशिप करणार, कुणी पायथन शिकणार, कुणी गेटचा क्लास लावणार. "कादंबऱ्या वाचणार" असं सांगून बघा. मेसच्या भाजीची स्तुती केल्यासारखे लोक आपल्याकडे बघतात!

तरीही मी यंदा तेच सांगतेय. नुसतं सांगत नाही, कसं वाचायचं तेही लिहितेय. कारण वाचता येतं असं आपल्याला वाटतं, पण आपल्याला ते येईनासं झालेलं असतं. हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, सेकंड इयरच्या सुट्टीत.

त्या मे महिन्यात मी एम-थ्रीची केटी घेऊन घरी गेले होते. घरात कुणी रागावलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं! पप्पा फक्त म्हणाले, "सुट्टीत जरा बघ त्याच्याकडे." आठवडाभरातच आईनं मला आजोळी, सांगोल्याकडच्या एका खेड्यात पाठवलं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, औषधाचे थेंब घालायला कुणीतरी हवं होतं. बॅगेत एम-थ्री होतंच. शिवाय निघताना लायब्ररीतून उचललेली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती. तीच का? खोटं कशाला बोलू, ती बारीक होती म्हणून!

पहिल्या दिवशी चार पानं वाचली. हातात पेन्सिल. एक तरुण मास्तर पहाटे घरून निघून पायी चालत नोकरीच्या गावी जातोय, एवढंच घडत होतं आणि मी अंडरलाइन करायला काहीतरी शोधत होते! पान उलटलं की आधीचं पुसलं जायचं. मग फोन, मग पुन्हा तेच पान. शाळेत असताना 'फास्टर फेणे' एका बैठकीत संपवणारी मी, मला चार पानं जड झाली होती. भीतीच वाटली. केटी पुढच्या परीक्षेत निघते, पण हे गेलं तर ते कुठल्या परीक्षेत निघणार?

आता विचार करते तेव्हा कारण सोपं वाटतं. सेमिस्टरमध्ये आपण एक विशिष्ट वाचन शिकतो. ओळींवरून नजर फिरवायची, आय.एम.पी. तेवढं टिपायचं, पेपरपर्यंत लक्षात ठेवायचं आणि हॉलबाहेर पडताच विसरायचं. थिअरीच्या पेपरला ही विद्या उत्तम चालते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण कादंबरीत आय.एम.पी. नसतं. मास्तर चालत असताना बाजूला दिसणारं माळरान हे 'इंट्रोडक्शन' समजून गाळलं, तर पुढे गावात पोचल्यावर आपल्याला तो एकटेपणा कळतच नाही. तो माळ आपण त्याच्याबरोबर चाललेलोच नसतो ना!

दुसरं कारण म्हणजे सुरुवातीचा काळ. कंट्रोल सिस्टिमवाल्यांना चटकन कळेल. इनपुट दिल्याबरोबर सिस्टिम स्थिर होत नाही, आधी ट्रान्झियंट असतो. कादंबरीची पहिली वीस-तीस पानं म्हणजे हा ट्रान्झियंट. कोण कुणाचा कोण कळत नाही, नावं घोळतात, भाषा अनोळखी वाटते. 'बनगरवाडी'त तर धनगरांचं गाव आणि माणदेशी बोली. आपण याच टप्प्यावर पुस्तक मिटतो आणि "मला नाही बुवा जमत" म्हणतो. म्हणून सुट्टी हवी. सेमिस्टरमध्ये रोज झोपताना पाच पानं वाचली तर रोज नव्यानं ट्रान्झियंट! एकदा सलग दोन तास द्यावे लागतात. मे महिन्याच्या दुपारी बाहेर डांबर वितळत असताना दोन तास सहज मिळतात. मात्र फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. उशाखाली ठेवला तर तो ठेवला असं होत नाही.

मला या ट्रान्झियंटमधून बाहेर काढलं आजीनं. मी एम-थ्रीच्या पुस्तकाआड 'बनगरवाडी' धरून बसले होते. वीस वर्षांची घोडी, आणि चोरून वाचतेय! आजीच्या डोळ्यावर काळा चष्मा, तरी तिला पत्ता लागला.

"काय वाचतीस गं एवढं? मोठ्यानं वाच की. माझं बी हरिपाठाचं वाचन बंद हाय."

मोठ्यानं वाचायला लागले आणि गंमत झाली. मोठ्यानं वाचताना गाळता येत नाही. नजर पळाली तरी जीभ पळत नाही. जी बोली मला डोळ्यांना अडत होती ती तोंडातून बाहेर पडल्यावर आजीच्या घरातलीच निघाली. शब्द अडला की आजी सांगायची. गावातला म्हातारा कारभारी बोलायला लागला की ती हसायची, "अस्साच हुता आमच्यातला एक." रोज दुपारी जेवणानंतर तासभर वाचन आणि मग चहा, असा कार्यक्रमच ठरला.

त्यात एक शेकू आहे. पेरणीच्या वेळी त्याच्याकडे एकच बैल, आणि दुसऱ्याच्या जागी त्याची बायको स्वतःला जुंपून घेते. हे वाचून मी थांबले. आजी काहीच बोलली नाही. पुढे दुष्काळ येतो (हे खरं तर मी सांगायला नको होतं), मेंढरं मरायला लागतात, माणसं गाव सोडू लागतात. तेव्हा मात्र आजीनं हात वर केला. "थांब जरा."

आणि मग ती बोलायला लागली, १९७२ सालच्या दुष्काळाबद्दल. कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी वाटायचे, ती पदरात बांधून घरी आणायची. "तुझी आई तवा पोटात हुती माझ्या," ती म्हणाली. एवढी वर्षं मी या घरात येतेय, उन्हाळ्यात आंबे खातेय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. विचारणार तरी कसं? प्रश्नच माहीत नव्हता.

त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

कुणी म्हणेल, यात 'आनंदासाठी वाचणं' कुठे आलं? आलं की. आनंद म्हणजे विनोदीच पाहिजे असं थोडंच आहे? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही यमूच्या तोंडून सांगितलेली, रडवणारी कादंबरी. १८९० पासून ती ज्या साप्ताहिकात क्रमशः आली त्याचं नाव होतं 'करमणूक'! हरिभाऊंनीच ते काढलं होतं. पुढच्या अंकाची वाट बघत लोकांनी यमूचं दुःख वाचलं, करमणूक म्हणून. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही.

असो. एम-थ्री सुटला का, असं विचाराल. सुटला, सत्तेचाळीस मार्कांनी. कादंबरीमुळे सुटला असं म्हणणार नाही, पण तिच्यामुळे अडलाही नाही. सकाळी गणित, दुपारी 'बनगरवाडी' असं चाललं होतं आणि दुपारची लाच असल्यामुळे सकाळ बरी जायची.

सुरुवात कुठून करावी? बारीक पुस्तकापासून, यात लाज नाही. १९५५ ची 'बनगरवाडी' आहेच. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, पण आधी पुस्तक वाचा. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. पु. शि. रेग्यांची 'सावित्री' (१९६२) म्हणजे फक्त एका बाजूची पत्रं, समोरच्याची उत्तरं आपणच मनात लिहायची. नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) होस्टेलवाल्यांनी वाचावीच. लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, आणि पांडुरंग सांगवीकरची मेस आणि गॅदरिंग आपल्याला अनोळखी वाटत नाहीत. फक्त निकालाच्या आदल्या दिवशी सुरू करू नका, हा अनुभवाचा सल्ला. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) दोन खंडांची, चार पिढ्यांची आहे. ती दुसऱ्या सुट्टीसाठी ठेवा. आणि हो, 'तुंबाड' नावाचा भुताचा सिनेमा तिच्यावर नाही!

पन्नास पानांनंतरही पुस्तक आवडलं नाही तर खुशाल सोडून द्या. इथे टर्मवर्क नाही.

पुस्तकांसाठी गावातल्या वाचनालयात जा. बहुतेक ठिकाणी थोडं डिपॉझिट आणि किरकोळ वर्गणी भरून भागतं. आपल्या लायब्ररीतही मराठीचं कपाट आहे, जुन्या जर्नल्सच्या मागे. ग्रंथपाल सरांना सांगितलं तर सुट्टीपुरतं पुस्तक देतात. 'बनगरवाडी' मात्र सध्या तिथे मिळणार नाही, ती माझ्याकडे आहे. आजीचा यंदा दुसरा डोळा आहे. तिनं फोनवर बजावलंय, "ते मेंढरांचं पुस्तक घेऊन ये, पहिल्यापासून वाचू."