वाफेच्या काळातले पूल आणि सिग्नल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नालासोपाऱ्याहून दक्षिणेला निघालो की नायगावपुढे वसईची खाडी लागते, उत्तरेला विरारपुढे वैतरणा. या दोन पाण्यांमध्ये राहणाऱ्या लाखो माणसांची रोजची ये-जा पूल आणि सिग्नल यांच्या भरवशावर चालते. हा भरवसा वाफेच्या इंजिनांच्या काळात कसा उभा राहिला, याविषयी मात्र बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

गैरसमज: रेल्वे मुंबईहून निघाली आणि हळूहळू विरारकडे सरकत आली.

वस्तुस्थिती: बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने, म्हणजे 'बीबी अँड सीआय'ने, कामाची सुरुवात गुजरातेत केली. 1860 मध्ये उत्राण ते अंकलेश्वर गाडी धावली आणि 1864 मध्ये रूळ ग्रँट रोडला पोहोचले. 12 एप्रिल 1867 पासून विरार ते मुंबईतले बॅकबे अशी रोज एक लोकल सुरू झाली. तिच्या थांब्यांमध्ये आजचे नालासोपारा होते आणि खाडीतले पाणजू बेटही.

गैरसमज: तेव्हाचे मोठे पूल दगडी खांबांवरच उभे राहत.

वस्तुस्थिती: कंपनीचे अभियंते कर्नल जे. पी. केनेडी यांनी या मार्गावरच्या मोठ्या पुलांसाठी बिडाचे स्क्रू-खांब वापरले. खांबाच्या टोकाला मळसूत्री पाते असे. खांब फिरवत फिरवत तळाच्या मातीत खोल उतरवला जाई. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल या आयर्लंडमधल्या दृष्टिहीन अभियंत्याची. वर साधारण 60 फुटी, एकाच मापाचे त्रिकोणी जाळीचे गर्डर बसत. माप ठरलेले असल्यामुळे सुटे भाग जहाजाने आणून इथे जोडता येत.

गैरसमज: पुलाची परीक्षा घेताना अभियंता पुलाखाली उभा राही, पूल पडला नाही म्हणजे उत्तीर्ण.

वस्तुस्थिती: परीक्षा मोजमापाची होती. जड इंजिने एकमेकांना जोडून गाळ्यावर उभी करत आणि गर्डर मधोमध किती वाकला ते मोजत. मग तीच इंजिने वेगाने नेऊन पुन्हा मोजत. भार काढल्यावर गर्डर मूळ जागी परततो का, हा खरा प्रश्न असे. नव्या पुलाचे सांधे पहिल्या भाराने किंचित बसतात, ते चालते. पण प्रत्येक भारानंतर बाक वाढत राहिला, तर तो धोक्याचा इशारा असतो.

गैरसमज: पुलावर गाडी हळू नेतात, म्हणजे पूल खचलेला असणार.

वस्तुस्थिती: वाफेच्या इंजिनाचे दट्टे पुढे-मागे हलत. तो झटका आवरण्यासाठी चाकांना वजने लावलेली असत. चाक फिरताना त्याच वजनांमुळे प्रत्येक फेरीला रुळावर घणासारखा आघात होई. वेग दुप्पट झाला की आघात चौपट. त्यामुळे धडधाकट पुलावरही वेग बांधून देणे गरजेचे असे. 1936 मध्ये विरारपर्यंत विजेच्या लोकल आल्या, तरी लांब पल्ल्याच्या गाड्या वाफेवरच धावत होत्या. साहजिकच हा हिशेब पुढेही अनेक वर्षे करावा लागला.

गैरसमज: सिग्नलची तार तुटली की हात खाली पडून गाडीला चुकीचा रस्ता मिळे.

वस्तुस्थिती: सिग्नलच्या खांबावरचा हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकलेला म्हणजे जा. केबिनमधला लिव्हर ओढला की तार ताणली जाई आणि हात झुके. तार तुटली, तर खांबावरचे वजन हात पुन्हा आडवा करी. रात्री हाताजवळचा रॉकेलचा दिवा विझला, तर ड्रायव्हरने सिग्नल लाल आहे असेच समजायचे, हा नियम होता. शिवाय पुढच्या स्टेशनाने तारयंत्रावरून 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी सोडता येत नसे.

या सगळ्यामागे एकच विचार आहे: बिघाड कधी ना कधी होणारच, तेव्हा तो आधी मोजून ठेवायचा आणि झालाच तर गाडी थांबेल अशी रचना करायची. केनेडींचे खांब गेले, त्यांच्या जागी नवे पूल आले. पण पुलाचे बळ आजही त्याच्या पायाभोवतीच्या मातीत आणि वाळूत आहे. वैतरणेत पुलांजवळ होणारा वाळूउपसा म्हणूनच गंभीर आहे. वाळू गेली की पाया उघडा पडतो आणि वर केलेली सगळी मोजमापे खोटी ठरतात. असा उपसा दिसला, तर रेल्वे पोलिसांना किंवा तहसीलदारांना कळवायलाच हवे.